दोरी ओढली, पट्टा थांबला नाही: आयसोलेटेड इनपुट बोर्ड घ्यावं का?

चिपाड (१४ ऑक्टोबर, रात्री ११:४०)

मंडळी, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

मी एका साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती विभागात इन्स्ट्रुमेंटला आहे. नाव विचारू नका, आमच्या भागात दर दहा मैलांवर एक कारखाना आहे. बॉयलरचं अग्निप्रदीपन झालंय, गव्हाणीत मोळी पडायला आठ-दहा दिवस उरलेत. परवा बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) पट्ट्याची ट्रायल घेतली. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पुलकॉर्ड आहे, म्हणजे कुणी अडकलं तर दोरी ओढायची आणि पट्टा जागीच थांबायला हवा. हेल्परला तीनदा ओढायला लावली. एकदा थांबला. दोनदा नाही.

पीएलसीत (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये) बघितलं तर पुलकॉर्डच्या स्विचचा कॉन्टॅक्ट उघडूनही इनपुटचा बिट १ च, म्हणजे ऑन. एलईडी मंद पेटलेला. कार्डाच्या टर्मिनलवर मीटर लावला तर ९६ व्होल्ट एसी! पुलकॉर्डचा बॉक्स उघडून बघितला, कॉन्टॅक्ट खरंच उघडा होता.

माहिती अशी: इनपुट कार्ड २३० व्होल्ट एसीचं. केबल १२ कोअर, दीड स्क्वेअर एमएम, पॅनेलपासून टोकापर्यंत साधारण ३०० मीटर. त्याच केबलीत बाकीचे लिमिट स्विचही (यंत्राचा भाग ठरल्या जागी पोचला की दबणारे), सगळे २३० वर. ट्रेमध्ये शेजारी मोटरच्या पॉवर केबली.

तीन सल्ले आलेत. पॅनेलवाला व्हेंडर म्हणतो, २४ चॅनेलचं आयसोलेटेड कॉन्टॅक्ट इनपुट टर्मिनल बोर्ड घ्या, प्रश्न मिटला. आमचे चीफ म्हणतात, इंटरपोजिंग रिले (मधे बसणारा, कॉइलने चालणारा स्विच) टाका, स्वस्तात होईल. आणि वायरमन मामा म्हणतात, "साहेब, प्रत्येक इनपुटला झिरोचा बल्ब लावा." कोण बरोबर?

मिनी_मावशी (१४ ऑक्टोबर, रात्री ११:५२)

शीर्षकात बोर्ड वाचून दहावीचा बोर्ड समजून आले. आत टर्मिनल निघालं, म्हटलं विमानतळ. आता बसलेच आहे तर बसते. मला मामांचा बल्ब पटला.

भोसरीकर (१५ ऑक्टोबर, सकाळी ७:१०)

आम्ही पॅनेल बनवतो म्हणून सांगतो. डोळे झाकून रिले टाका. फील्डचा कॉन्टॅक्ट रिलेची कॉइल उचलणार, रिलेचा कोरडा (स्वतःचं व्होल्टेज नसलेला) कॉन्टॅक्ट २४ व्होल्ट डीसी कार्डात. कार्ड जळायची भीती नाही, रिले गेला तर ओढून नवा लावायचा, रात्रपाळीचा माणूसही करू शकतो. बोर्डाचा एक चॅनेल गेला तर? पुण्याहून माल येईपर्यंत बसा.

नाक्यावरचा_रिले (१५ ऑक्टोबर, सकाळी ७:३०)

+१. नावातच आलं.

जुना_जाणता (१५ ऑक्टोबर, सकाळी ९:०५)

भोसरीकर, घाई नको. चिपाडराव, तुमच्या केबलीत भूत आहे आणि त्याचं गणित मांडता येतं.

एका केबलीतल्या दोन कोअर म्हणजे लांबलचक कपॅसिटर. मधे पीव्हीसी, दोन्ही बाजूंना तांबं. किलोमीटरला ०.२ मायक्रोफॅरड धरा (तुमच्या केबलीचा आकडा डेटाशीटवर बघा). ३०० मीटरला ०.०६ झाला. ५० हर्ट्झला त्याचा अडथळा साधारण ५३ किलोओहम. शेजारच्या कोअरवर २३० व्होल्ट कायम उभे आहेत, म्हणजे उघड्या कोअरमध्ये ४.३ मिलीअँपपर्यंत करंट नुसता शेजारधर्म म्हणून येतो. इनपुट कार्ड मुळात चालतंच काही मिलीअँपवर. त्याला काय कळणार, हा करंट कॉन्टॅक्टमधून आला की शेजारून?

तुमचे ९६ व्होल्ट तर फार बोलके आहेत. आयईसी ६११३१-२ या पीएलसीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे २३० व्होल्टच्या टाइप १ इनपुटने ४० व्होल्टच्या आत नक्की ऑफ दाखवायला हवं आणि १६४ च्या वर नक्की ऑन. मधल्या पट्ट्यात काय दाखवावं याची हमी कुणीच देत नाही. तुम्ही बरोबर त्या माळरानात उभे आहात. म्हणून एकदा थांबला, दोनदा नाही. कायम बिघडलेलं सापडतं तरी, हे असलं फसवतं.

आता रिलेबद्दल. छोट्या प्लग-इन रिलेचं डेटाशीट उघडा. सुटण्याचं व्होल्टेज एसी कॉइलला ३० टक्के आणि डीसी कॉइलला १० टक्के असं लिहिलेलं असतं. म्हणजे २३० ची कॉइल ६९ व्होल्टच्या खाली गेली तरच सुटेल याची खात्री. कॉइल लावल्यावर ते ९६ थोडे खाली येतील हे खरं, पण किती, ते मोजल्याशिवाय नाही कळणार. २३० एसीचा रिले लावून भूत पळेलच असं नाही. कार्डातलं रिलेत जाऊन बसेल.

भोसरीकर (१५ ऑक्टोबर, सकाळी ९:४०)

काका, इतकी वर्षं लावतोय, एक तक्रार नाही.

जुना_जाणता (१५ ऑक्टोबर, सकाळी ९:४८)

तुमच्या पॅनेलपासून मशीन किती लांब असतं?

भोसरीकर (१५ ऑक्टोबर, सकाळी ९:५५)

वीस मीटर 😀 बरं, मुद्दा आला लक्षात.

शून्य_वॅट (१५ ऑक्टोबर, दुपारी १:२०)

मामांना माझ्यातर्फे साष्टांग दंडवत. हा बल्बचा उपाय मी एका सूत गिरणीत चालताना बघितलाय. झिरोचा बल्ब नावाला झिरो, प्रत्यक्षात १५ वॅटच्या घरातला. म्हणजे गरम असताना साडेतीन किलोओहम, थंड असताना त्याहून कितीतरी कमी. जुना_जाणतांचे ५३ किलोओहम धरले तर बल्ब लावल्यावर भुताचं व्होल्टेज जेमतेम १५ उरतं, बल्ब पेटतसुद्धा नाही. कॉन्टॅक्ट खरा बंद असला की मात्र बल्ब लख्ख पेटतो. वर फुकटात इंडिकेशन. रात्रपाळीला पॅनेल उघडलं की कुठला स्विच दबलाय ते लांबून दिसतं.

पावशेर (१५ ऑक्टोबर, दुपारी १:४५)

आणि बल्ब उडाला की?

शून्य_वॅट (१५ ऑक्टोबर, दुपारी १:५२)

बदलायचा.

पावशेर (१५ ऑक्टोबर, दुपारी २:१५)

कळणार कसं? फिलामेंट तुटलं की भूत परत आलं, आणि त्या क्षणी कुणीतरी दोरी ओढतोय. झिरोच्या जागी एलईडीचा बल्ब कुणी लावला तर अजून मजा, तो भुताच्या करंटवरही मिणमिणतो. जुगाड म्हणून मान्य, पण पुलकॉर्डसाठी अजिबात नाही. लावायचाच तर वायरवाउंड रेझिस्टर लावा. १० किलोओहमला ते ९६ चे साधारण ४० वर येतील, आणि कॉन्टॅक्ट बंद असताना त्यात सव्वापाच वॅट सतत जळणार, म्हणून १० वॅटचा घ्यायचा. बारा इनपुट म्हणजे ६३ वॅटची शेगडी पॅनेलमध्ये. साखर कारखान्याच्या उन्हाळ्यात शुभेच्छा.

मिनी_मावशी (१५ ऑक्टोबर, दुपारी २:२२)

गळीत उन्हाळ्यात नसतं हो फारसं. शेगडी थंडीत कामाला येईल.

टर्बाइनवाला (१५ ऑक्टोबर, रात्री ९:३० मस्कत)

मूळचा कराडचा, गेली बरीच वर्षं आखातात गॅस टर्बाइनच्या कंट्रोलवर. या बोर्डांशी रोजचा संबंध, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

"कॉन्टॅक्ट इनपुट बोर्ड" या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि व्हेंडर बहुतेक वेळा फरक सांगत नाही. आमच्याकडे जीईची मार्क सहा ही टर्बाइनची कंट्रोल सिस्टम आहे, त्यात दोन्ही शेजारी शेजारी बसलेली असतात. टीबीसीआय नावाचं बोर्ड कोरड्या कॉन्टॅक्टसाठी. २४ इनपुट, आणि कॉन्टॅक्टला लागणारं व्होल्टेज, म्हणजे वेटिंग, बोर्डच पुरवतं. १२५ व्होल्ट डीसीचं घ्या, २४ चं घ्या किंवा ४८ चं. गंमत म्हणजे १२५ वाल्यात पहिल्या २१ इनपुटांना प्रत्येकी अडीच मिलीअँप आणि शेवटच्या तिनांना दहा, कारण पलीकडे इलेक्ट्रॉनिक आउटपुट असेल तर त्याला जास्त करंट लागतो. नवीन पोरं तिथे हमखास चुकतात.

दुसरं टीआयसीआय. तेही २४ पॉइंटचं, पण हे स्वतः काही पुरवत नाही. बाहेर कुठेतरी, रिलेच्या कॉन्टॅक्टवर, फ्यूजवर, ब्रेकरच्या सर्किटात व्होल्टेज आहे की नाही एवढंच बघतं. आणि प्रत्येक पॉइंट दुसऱ्यापासून वेगळा. खरं आयसोलेटेड म्हणायचं ते याला. हे वेगळेपण येतं ऑप्टोकपलरने, म्हणजे आत एक एलईडी आणि समोर तिचा उजेड बघणारा ट्रान्झिस्टर. दोघांमधे तांब्याचा एक धागाही नाही, निरोप उजेडाने जातो.

साध्या पीएलसी कार्डातही ऑप्टो असतो. मग फरक काय? तिथे आठ किंवा सोळा इनपुटांचा कॉमन, म्हणजे परतीची तार, एक असतो. फील्ड आणि प्रोसेसर वेगळे, पण फील्डमधले आठही एकमेकांच्या गळ्यात गळे घालून. एका साइटवर (कुठली ते विचारू नका) पहिल्या बॅटरीचे सिग्नल आणि दुसऱ्या बॅटरीचे सिग्नल एकाच कॉमनवर आणले होते. दोन्ही बॅटऱ्यांचे निगेटिव्ह असे मागच्या दाराने जोडले गेले. अर्थ फॉल्टचा, म्हणजे तार जमिनीला लागल्याचा, अलार्म दोन्ही चार्जरवर एकदम यायचा. तीन दिवस ट्रेंच उपसत होतो आणि दोष होता पॅनेलमधल्या दोन इंचांच्या जंपरमध्ये.

तेव्हा चिपाड, दोन निरनिराळ्या सप्लायचे सिग्नल एका जागी आणायचे असतील तर आयसोलेटेड बोर्ड हवंच. पण तुमचं दुखणं ते दिसत नाही. आयसोलेशन भुताला अडवत नाही. भूत तुमच्या सिग्नलच्या तारेवरूनच, समोरच्या दारातून आत येतंय.

चिपाड (१५ ऑक्टोबर, रात्री १०:१५)

म्हणजे व्हेंडर चूक, चीफ अर्धे चूक, मामा बरोबर पण धोकादायक. उद्या मीटिंगमध्ये हे कसं सांगू?

मिनी_मावशी (१५ ऑक्टोबर, रात्री १०:१८)

उभं राहून, दाराजवळ.

अण्णा_तारयंत्री (१६ ऑक्टोबर, पहाटे ५:२०)

मी वीज मंडळातून निवृत्त झालो. उपकेंद्रांत आयुष्य गेलं. टर्बाइनवाल्यांनी बॅटरीचा विषय काढलाच आहे तर पुढचं सांगतो.

स्टेशनची डीसी जमिनीपासून तरंगती ठेवतात. ११० व्होल्ट म्हणजे २ व्होल्टचे ५५ सेल. अर्थ फॉल्ट रिलेमुळे प्लस जमिनीच्या ५५ वर आणि मायनस ५५ खाली राहतो. मुद्दाम तसं असतं, कारण एक तार जमिनीला लागली तरी काही ट्रिप होऊ नये (आपोआप बंद पडू नये), नुसता अलार्म यावा आणि आपण शोधावं.

आता इनपुटचा विचार करा. एक टोक मायनसला, दुसरं फील्डच्या कॉन्टॅक्टकडे. पावसात कॉन्टॅक्टकडची तार जमिनीला लागली. कॉन्टॅक्ट उघडाच आहे. पण इनपुटला आता जमीन ते मायनस, म्हणजे निम्मं व्होल्टेज दिसतं. ५५. इनपुट जर ४० ला ऑन होणारं असेल तर कॉन्टॅक्ट न मिटताच सिग्नल गेला! म्हणून आम्ही बायनरी इनपुट घेताना एकच प्रश्न विचारायचो, उचलण्याचं व्होल्टेज निम्म्याच्या वर आहे का? आयसोलेशन किती किलोव्होल्टचं हा प्रश्न नंतर. पुष्कळ ठिकाणी ११० च्या सर्किटात २४ ते २५० चालणारं "युनिव्हर्सल" इनपुट लावतात. सगळ्यांना चालतं म्हणजे १८-२० व्होल्टलाच उचलतं. सोय कसली, पुढच्या पावसाळ्याची तयारी.

जुना_जाणता (१६ ऑक्टोबर, सकाळी ८:००)

अण्णा, हे एवढं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

नाक्यावरचा_रिले (१६ ऑक्टोबर, सकाळी ८:२५)

मग चिपाडराव, टर्बाइनच्या बॅटरीचं ११० डीसी न्या पट्ट्यावर, भूत गायब. डीसी कपॅसिटरमधून जात नाही.

अण्णा_तारयंत्री (१६ ऑक्टोबर, सकाळी ८:५०)

नाही, नाही, नाही. ज्या बॅटरीवर टर्बाइनची ट्रिप कॉइल आणि इमर्जन्सी ऑइल पंप आहे, तिची तार तुम्ही बगॅसच्या धुळीत, ओल्या यार्डात ३०० मीटर फिरवणार? तिथला प्रत्येक अर्थ फॉल्ट टर्बाइनच्या बॅटरीचा होईल. यार्डाला स्वतंत्र सप्लाय द्या.

पावशेर (१६ ऑक्टोबर, सकाळी ९:३०)

आणि नुसता एकच स्विच डीसीवर नेऊन भागणार नाही. त्याच केबलीत बाकीच्या कोअर २३० एसीवर राहिल्या तर डीसीच्या तारेवरही ५० हर्ट्झ चढेलच. केबल एक तर सगळी डीसी, नाही तर पुलकॉर्डला वेगळी केबल, पॉवरच्या ट्रेपासून लांब. रिकाम्या कोअर पॅनेलच्या टोकाला अर्थ करा, लोंबत ठेवू नका.

सुरक्षित_अंतर (१६ ऑक्टोबर, सकाळी ११:१०)

मी फॅक्टरी सेफ्टीत आहे. कालपासून हा धागा वाचतोय आणि कुणीच मूळ गोष्ट बोलत नाहीये, म्हणून लॉगिन केलं.

पुलकॉर्ड पीएलसीच्या इनपुटमधून का जातोय?? नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २४ मधेही पॉवर तोडण्याच्या साधनांबद्दल लिहिलं होतं. पट्ट्यावर माणूस अडकला असताना इनपुट कार्ड, प्रोग्रॅमचा स्कॅन आणि आउटपुट कार्ड या सगळ्यांनी एकमताने ठराव करायचा आणि मग पट्टा थांबायचा? पुलकॉर्डचा कॉन्टॅक्ट सरळ मोटरच्या कॉन्टॅक्टरच्या (मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलच्या मालिकेत हवा. पीएलसीला फक्त कळवायचं, की बाबा, दोरी ओढली गेली. तिथे भूत आलं तर फार तर स्क्रीनवर चुकीचं दिसेल, माणसाचा हात जाणार नाही.

तोपर्यंत पट्टा चालवू नका. गाळप एक दिवस उशिरा सुरू झालं तर चालतं.

भोसरीकर (१६ ऑक्टोबर, सकाळी ११:३५)

हे मात्र शंभर टक्के. पॅनेलवाला म्हणून कबूल करतो, हल्ली "सगळं पीएलसीत घ्या, वायरिंग वाचतं" असं गिऱ्हाईकच सांगतं आणि आम्ही देतो.

पण एक शंका. कॉन्टॅक्टरच्या कॉइललाही तीच ३०० मीटरची एसी तार जाणार. तोही भुताने धरून राहिला तर?

जुना_जाणता (१६ ऑक्टोबर, दुपारी १२:०५)

रास्त शंका. धरलेल्या कॉन्टॅक्टरची कॉइल साधारण ७ ते १० व्हीए घेते, २३० वर ३० ते ४० मिलीअँप. चारच्या भुताने ती धरून राहणार नाही. केबल किलोमीटर-दोन किलोमीटर असती तर मीही घाबरलो असतो, लांबच्या पंपांवर कॉन्टॅक्टर न सुटल्याची उदाहरणं आहेत. तरी मोजून घ्या. कॉन्टॅक्ट उघडा ठेवून कॉइलवर व्होल्टेज बघायचं, पाच मिनिटांचं काम.

मिनी_मावशी (१६ ऑक्टोबर, दुपारी १२:३०)

गंमत करत होते काल, पण सुरक्षित_अंतर यांचं वाचून हसू थांबलं. माझा मावसभाऊ होता एका कारखान्यात पट्ट्यावर. डाव्या हाताची तीन बोटं. चिपाड, आधी ती दोरी नीट करा बाळा, मग बोर्डाचं बघा.

चिपाड (१६ ऑक्टोबर, रात्री ११:०५)

मावशी, शब्द दिला. मीटिंगमध्ये सुरक्षित_अंतर यांचा प्रतिसाद जसाच्या तसा वाचून दाखवला. चीफ दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पट्ट्याला कुलूप लावा. सविस्तर नंतर.

टर्बाइनवाला (१७ ऑक्टोबर, रात्री ८:१० मस्कत)

यार्डाचा सप्लाय ठरवताना २४ घेऊ नका असं मी म्हणेन. बगॅसची धूळ आणि दमट हवा यांत लिमिट स्विचच्या चांदीच्या कॉन्टॅक्टवर थर चढतो. तो फोडायला थोडा जोर लागतो, व्होल्टेजचाही आणि करंटचाही. २४ व्होल्ट आणि दोन मिलीअँपवर कॉन्टॅक्ट बंद असूनही पीएलसीला उघडा दिसतो आणि मग ऑपरेटर बांबूने स्विच ठोकत फिरतो.

पावशेर (१७ ऑक्टोबर, रात्री ८:४०)

बांबूने ठोकणं हे आमच्याकडे अधिकृत प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स आहे.

नाक्यावरचा_रिले (१७ ऑक्टोबर, रात्री ९:००)

अवांतर: रिले विरुद्ध बोर्ड वादात वेळेचा मुद्दा राहिला. रिले उचलायला दहा-पंधरा मिलीसेकंद घेतो आणि प्रत्येक रिलेचा वेग निराळा. आधी कोण ट्रिप झालं हे एका मिलीसेकंदाने लावायचं असेल तर मधे रिले टाकून क्रमाचा पार बोऱ्या वाजतो. स्वतःच्या जातीविरुद्ध बोलतोय, नोंद घ्यावी.

चिपाड (९ नोव्हेंबर, रात्री १०:३०)

उशीर झाला, माफी. गाळप सुरू होऊन दहा दिवस झाले. काय केलं ते लिहितो.

पुलकॉर्डला नवी केबल ओढली, वेगळ्या पाइपातून, आणि कॉन्टॅक्ट सरळ कॉन्टॅक्टरच्या मालिकेत. जुना_जाणतांनी सांगितल्याप्रमाणे उघड्या कॉन्टॅक्टला कॉइलवर मोजलं, ७ व्होल्ट. वीस वेळा दोरी ओढली, दोन्ही बाजूंनी, वीसही वेळा थांबला. एकविसाव्यांदा मामांनी न सांगता ओढली, तेव्हाही थांबला.

बाकीचे लिमिट स्विच जुन्याच केबलीवर ठेवले, पण सगळ्या कोअर ४८ व्होल्ट डीसीवर आणल्या. यार्डासाठी स्वतंत्र एसएमपीएस (एसीचा डीसी करणारा पॉवर सप्लाय). टर्बाइनच्या बॅटरीला हात लावला नाही, अण्णा. आणि आता हसू नका, शेवटी आयसोलेटेड इनपुट बोर्डच घेतलं. कारण यार्डाचे ४८ आणि टर्बाइनकडून येणारे ११० चे चार सिग्नल त्याच पॅनेलमध्ये आणायचे होते, आणि टर्बाइनवाल्यांची तीन दिवसांच्या ट्रेंचची गोष्ट डोक्यात होती. ११० वाल्या चार इनपुटांचं उचलण्याचं व्होल्टेज ७० च्या आसपास आहे हे ऑर्डर देण्याआधी लिहून घेतलं. व्हेंडरला वाटतंय त्याचाच सल्ला ऐकला.

भोसरीकर (९ नोव्हेंबर, रात्री १०:४५)

वाटू द्या. पुढच्या कोटेशनला डिस्काउंट मागा.

शून्य_वॅट (९ नोव्हेंबर, रात्री १०:५०)

आणि मामांचा बल्ब?

चिपाड (९ नोव्हेंबर, रात्री ११:००)

मामांनी होल्डरला दोन वायरी लावून खिशात ठेवलाय. कुणी मीटर दाखवून "इथे ९० व्होल्ट आहेत" म्हणालं की ते बल्ब लावतात. पेटला तर खरं, नाही तर भूत. आता पोरंही मीटरआधी मामांना हाक मारतात.

एकच राहिलंय. पट्ट्याच्या झिरो स्पीडला (पट्टा थांबला का ते बघायला) दोन तारांचा प्रॉक्सिमिटी सेन्सर आहे, तो ऑफ असतानाही दीड मिलीअँप गळतो आणि नव्या बोर्डाचा एलईडी किंचित दिसतो. नवीन धागा काढू का?

जुना_जाणता (९ नोव्हेंबर, रात्री ११:१२)

काढा. पण या वेळी केबल कुठून कुठे गेलीय ते पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.